लंडनचा उन्हाळा आणि नाटकं

जूनमध्ये येणाऱ्या नाशिकच्या मावसबहिणीनं विचारलं, "तिकडे नाटक कुठलं बघू?"

आधी ग्लोब. थेम्सकाठी १९९७ साली उघडलेलं हे गोल नाट्यगृह शेक्सपिअरच्या काळातल्या रचनेबरहुकूम बांधलंय. मधलं अंगण उघडं. तिथे उभ्यानं बघायचं तिकीट सगळ्यात स्वस्त. छत्री उघडायची नाही, खाली बसायचं नाही, आणि पाऊस आला तरी प्रयोग चालूच! रेनकोट हवाच. नट हाताच्या अंतरावर असतात. मला तरी खुर्चीपेक्षा हेच आवडतं.

रीजंट्स पार्कचं खुलं नाट्यगृह १९३२ पासूनचं. इथे बसायला जागा, भोवती झाडं. मात्र संध्याकाळी गारठा पडतो, शाल घ्या.

बंदिस्त हवं तर नॅशनल थिएटर. वेस्ट एंडच्या जुन्या नाट्यगृहांत वरच्या बाल्कनीत उन्हाळ्यात भयंकर उकडतं.

कुणी येणार असाल तर विचारा.