आजारी मित्रापासून दूर असताना

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल एपफ्रदीत नावाच्या एका माणसाची हकिकत सांगतो. आपल्या प्रवचनांतून तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तुरुंगात असलेल्या पौलाकडे मदत पोहोचविण्यासाठी फिलिप्पी येथील ख्रिस्तमंडळीने एपफ्रदीताला पाठविले होते. परंपरेप्रमाणे हा तुरुंग रोममधला, म्हणजे फिलिप्पीपासून कित्येक आठवड्यांच्या प्रवासाइतका दूर. तेथे एपफ्रदीत इतका आजारी पडला की मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आला. ही वार्ता फिलिप्पीला पोहोचली आणि तेथील मंडळी चिंतेत पडली. पौल पुढे सांगतो ते मात्र अनपेक्षित आहे. एपफ्रदीत व्याकूळ झाला तो स्वतःच्या दुखण्यामुळे नव्हे, तर आपल्या दुखण्याची बातमी आपल्या माणसांना कळली म्हणून.

ज्यांनी आजाऱ्यांची सेवा केली आहे त्यांना ही मनःस्थिती परिचयाची असेल. दूरच्या माणसांची चिंता फिरून आजाऱ्याच्याच छातीवर येऊन बसते. आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांतील मुले-बाळे, भाऊ-मित्र कुवेत, दुबई, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे आहेत. गावातील बालमित्राला कर्करोग झाला, कुणाची मूत्रपिंडे निकामी झाली, ही बातमी काही मिनिटांत तिकडे जाऊन पोहोचते. पाठोपाठ फोन सुरू होतात. ‘कसा आहेस?’ ‘डॉक्टर काय म्हणाले?’ ‘रिपोर्ट आला का?’ प्रत्येकाचा प्रश्न मायेपोटीच असतो. परंतु तेच उत्तर दिवसातून दहा वेळा देणाऱ्या माणसाला त्या मायेचाही थकवा येतो. काही आजारी तर समोरच्याला धीर यावा म्हणून आवाजात उसना जोर आणतात आणि फोन ठेवल्यावर तासभर डोळे मिटून पडून राहतात.

म्हणून दूरच्या मित्राने आपली घालमेल आजाऱ्यापाशी मोकळी न करता अन्यत्र करावी. पत्नीपाशी, दुसऱ्या मित्रापाशी, धर्मगुरूंपाशी. प्रकृतीची माहिती घरातील एका व्यक्तीकडून घ्यावी, तीही तिला सवड असेल तेव्हा. आजाऱ्याला मात्र रेकॉर्ड केलेला छोटासा ध्वनिसंदेश पाठवावा आणि आरंभीच सांगावे, ‘उत्तर देऊ नकोस, नुसता ऐक.’ टोरोंटोत सायंकाळ असते तेव्हा आपल्याकडे पहाट झालेली असते. वेळेचा हा फरक अडचणीचा खरा, पण ध्वनिसंदेशाला त्याची अडचण नाही. रात्री तीन वाजता झोप न येणाऱ्या माणसाने उशाचा मोबाइल कानाशी लावून मित्राचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकावा, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्या संदेशात उपदेश नसतो. विहिरीवरच्या पोहण्याची आठवण असते, नाताळातील गायनमंडळाची फजिती असते, तिकडे पडलेल्या बर्फाचे वर्णन असते.

आजाऱ्याच्या शेजारी आणखी एक माणूस असतो, ज्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ती बहुधा त्याची पत्नी, नाहीतर आई. रुग्णालय, औषधे, मुलांची शाळा, पाहुण्यांचा चहा या सर्वांत ती पिळून निघते. ‘काही लागले तर सांगा हं’ हे वाक्य तिने शेकडो वेळा ऐकलेले असते, आणि सांगायचे काय व कुणाला, हे तिला सुचत नाही. त्याऐवजी ‘वहिनी, या महिन्याचे वीजबिल मी इथून भरले आहे, पावती पाठवली आहे’ असे कळविणारा दीर तिला खरा आधार वाटतो. इंटरनेटमुळे अशी कामे आता परदेशात बसूनही होतात. गावातील दोन-तीन मित्रांना फोन करून तपासणीच्या दिवशी गाडी कोण नेणार, रात्री रुग्णालयात कोण थांबणार, मंगळवारचा डबा कोण देणार, हे ठरवून देणेही दूरच्या माणसाला जमते. गावातल्या माणसाला शेजाऱ्याकडे असे मागण्याचा संकोच वाटतो; दूरच्याला तो तितका वाटत नाही.

पैशाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मोठ्या आजारात घरातील सोने जाते, मग जमिनीच्या गोष्टी सुरू होतात. देऊ शकणाऱ्याने मागणीची वाट पाहू नये, आणि दिल्यावर हिशेब विचारू नये. मात्र पैसा देण्याआधी किंवा देता देता एक काम अवश्य करावे: शासकीय योजनांची चौकशी. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. परंतु हा लाभ योजनेच्या यादीतील रुग्णालयांतच मिळतो आणि त्यासाठी कागदपत्रे लागतात. अर्ज वाचणे, यादी तपासणे, रुग्णालयाच्या मदतकक्षाला फोन करणे, ही कामे घरच्यांना त्या धावपळीत जमत नाहीत. दूरचा मित्र ती शांतपणे करू शकतो.

रक्ताचेही तसेच. केमोथेरपी घेणाऱ्याला पुष्कळदा प्लेटलेट्स द्याव्या लागतात आणि दान केलेल्या प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात. त्यामुळे एकदाच पंधरा दाते गोळा करून भागत नाही, ते टप्प्याटप्प्याने लागतात. धर्मग्रामातील युवकांची यादी करून कोणाला केव्हा बोलवायचे हे पाहणारा एक समन्वयक हवा असतो. तो वसईत असो वा मस्कतमध्ये, फोन लागला म्हणजे झाले.

आणि कृपया, कुठलासा पाला, कुठलासा काढा, अमुक बाबांची पूड, यांचे संदेश पुढे ढकलू नयेत. आजाऱ्याकडे ते तसेही रोज येतात. काही वनस्पती चालू औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करतात, हे वैद्यकीय सत्य आहे. शिवाय अशा प्रत्येक संदेशातून ‘तू योग्य उपचार घेत नाहीस’ असा एक ठपका नकळत जातो. फळांच्या करंड्या आणि फुलेही विचारूनच पाठवावीत. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णांच्या कक्षात त्यांना अनेकदा मज्जाव असतो.

आता प्रार्थनेकडे वळू. काना गावी प्रभू येशूला भेटलेल्या राजाच्या अंमलदाराचा मुलगा कफर्णहूमला आजारी होता. संत योहानाच्या शुभवर्तमानात तो बाप प्रभूच्या शब्दावर विश्वास ठेवून परत निघतो आणि वाटेत चाकर भेटल्यावर मुलगा कोणत्या घटकेला बरा झाला याची विचारपूस करतो. अंतर प्रभूला आड आले नाही, ही आपली श्रद्धा आहे. पण त्या बापाचा वेळेविषयीचा नेमकेपणाही मला महत्त्वाचा वाटतो. ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्य आता पत्राखालच्या सहीसारखे झाले आहे. त्यापेक्षा ‘शुक्रवारी तुझ्या वेळेप्रमाणे रात्री नऊला मी रोझरी करणार आहे, जमले तर तूही एक दशक म्हण’ असे कळवावे. मग त्या घटकेला दोन खोल्या जोडल्या जातात.

एक गोष्ट मात्र दुरून होत नाही. पापनिवेदन आणि रुग्णांच्या तैलाभ्यंगाचा साक्रामेंत फोनवरून वा पडद्यावरून देता येत नाहीत. तेथे धर्मगुरूंची प्रत्यक्ष उपस्थिती लागते. म्हणून मित्राने घरच्यांना आणि आजाऱ्याला विचारून त्याच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना कळवावे. आजही काही घरांत तैलाभ्यंगाचे नाव काढताच रडारड होते, कारण तो मरणाऱ्यांचा संस्कार ही जुनी समजूत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की तो केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजार सुरू होताच तो घेता येतो, आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. हे समजावून सांगणारा आवाज परदेशातील मित्राचा असेल तर घरातील भीती कधीकधी लवकर ओसरते.

आजाऱ्याला केवळ घेणारा मानू नये. लिझ्यूच्या कार्मेल मठातील संत तेरेजा आणि मिशनरी होऊ घातलेला मॉरिस बेलियेर यांचा पत्रव्यवहार १८९६ साली सुरू झाला. ती दोघे एकमेकांना कधीच भेटली नाहीत. तेरेजा क्षयाने खंगत चालली होती, तरी त्या पत्रांत बेलियेर आपल्या चुका, आपली धास्ती तिच्यापाशी मांडतो आणि धीर देते ती मृत्युशय्येवरची तेरेजा. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी ती प्रभूघरी गेली. त्याने तिला दुःखात पाहून आपल्या अडचणी लिहिणे थांबविले असते तर तिचे शेवटचे महिने अधिक रिते झाले असते, असे मला वाटते. तेव्हा मित्राला सल्ला विचारा: मुलीच्या लग्नाबद्दल, बावखलाशेजारच्या जागेबद्दल. नुसता ‘आराम कर’ म्हणू नका.

प्रत्यक्ष भेटीचा प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत कठीण. परदेशात रजा मोजून मिळते, तिकीट महाग असते. म्हणून पुष्कळ जण, कधी स्वतःच्याही नकळत, ती रजा दफनविधीसाठी राखून ठेवतात. माझे मत स्पष्ट आहे: एकच खेप शक्य असेल तर तो बोलू शकतो तोवर या. मयताला गावच्या शेकडो माणसांची गर्दी होते, तेथे तुमची उणीव कुणाला भासणार नाही. येण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळ विचारून घ्यावी, कारण केमोथेरपीच्या मात्रेनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात प्रतिकारशक्ती सर्वांत क्षीण असते. विमानातून सर्दी घेऊन थेट खाटेपाशी जाणे धोक्याचे.

आणि ज्यांना येणे खरोखरच अशक्य आहे, त्यांच्यासाठी. उपचार थांबले की फोनही थांबतात; काय बोलावे ते लोकांना कळत नाही. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात, १९८६ साली सुरू झालेल्या देशातील पहिल्या अशा आश्रयस्थानात, किंवा स्वतःच्या घरी, मित्र वेदनाशमनावर असेल. त्याला बोलता येत नसले तरी सोबतच्या धर्मभगिनींना वा वहिनींना विनंती करा, त्या फोन त्याच्या कानाशी धरतील. त्याचे लहानपणीचे नाव घ्या, जे उभ्या जगात तुम्हा दोघा-चौघांनाच माहीत आहे, आणि मग सावकाश ‘नमो मरिया’ म्हणा. पलीकडून उत्तर येणार नाही. तरीही फोन लगेच ठेवू नका.