शाहिराचा आवाज

पोवाडा म्हटला कीं डफाची थाप, तुणतुण्याची तार आणि खडा आवाज एवढेंच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्यामुळें जो मोठ्यानें ओरडतो तोच शाहीर, असा समज रूढ झाला आहे. शाळेच्या संमेलनांत १३-१४ वर्षांचा एखादा मुलगा मानेच्या शिरा ताणून वीररसाचा पोवाडा गातो, टाळ्या मिळवितो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या तोंडून धड शब्द फुटत नाहीं. हा दोष पोवाड्याचा नव्हे, शिकवणुकीचा आहे.

१६५९ सालच्या अफझलखानवधावर अज्ञानदासानें रचलेला पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत फार जुना मानला जातो. तेव्हांपासून कित्येक पिढ्या शाहिरांनीं ध्वनिवर्धकावांचून उघड्या पटांगणांत गाइलें. केवळ घशाच्या बळावर हें साधलें नसतें. त्यामागें श्वास, शब्द आणि साथ या तिहींचा आधार होता.

घशांतील दोन स्वरतंतूंच्या कंपनानें आवाज निर्माण होतो. पुरुषाचा षड्ज काळी एकचा धरला, तर ते सेकंदास सुमारें १३९ वेळां कंप पावतात. तार षड्जास त्याच्या दुप्पट. अशा वेळीं घसा आवळला तर तंतु एकमेकांवर जोरानें आपटून सुजतात, आणि तें नित्याचें झाल्यास त्यांवर बारीक गांठी येतात. म्हणून जोर घशावर न देतां श्वासावर द्यावा. ताठ बसून, खांदे न उचलतां, बरगड्या फुगतील असा श्वास घ्यावा आणि तो एकसारखा, सावकाश सोडण्याची संवय करावी. नंतर मिटल्या तोंडानें गुंजन, मग खर्जांतील आकार, आणि त्यानंतर एकेक स्वर वर चढावें. जेथें ताण जाणवेल तेथून मागें फिरावें.

पोवाडा ही कथा आहे. शब्द कळला नाहीं तर स्वर वाया गेला. यासाठीं प्रत्येक चौक प्रथम चालीशिवाय, नुसत्या डफाच्या ठेक्यावर म्हणावा. श्वास कोठें घ्यावयाचा तें तेव्हांच ठरवावें. स्पष्ट उच्चारलेलें व्यंजन आरोळीपेक्षां दूरवर समजतें.

तिसरी गोष्ट झीलकऱ्यांची. चरणाच्या शेवटीं ते ‘जी जी’ म्हणून सूर उचलून धरतात, तें केवळ शोभेसाठीं नव्हे. तेवढ्या अवधींत शाहिरास दम घेतां येतो. जो शाहीर झीलकऱ्यांच्या सुरावरही आपलाच आवाज चढवितो, तो हा विसावा गमावून बसतो. मधल्या गद्य निवेदनांतही आरडाओरड करूं नये; घसा बहुधा तेथेंच बसतो.

मुलांच्या बाबतींत अधिक जपावें लागतें. साधारणतः १२ ते १६ या वयांत मुलांचें स्वरयंत्र वाढतें व आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. त्या काळांत उंच पट्टीचा हट्ट सोडून मुलाकडे डफ, झील किंवा निवेदन सोंपवावें. यांत त्याचा कमीपणा नाहीं. आज ध्वनिवर्धक सर्वत्र आहे, तेव्हां ओरडण्याचें कारणही उरलेलें नाहीं. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर घरगुती काढ्यांवर न विसंबतां घशाच्या डॉक्टरांस दाखवावें.

रात्रीच्या टाळ्यांवरून शाहिराची पारख होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचा खर्ज स्वच्छ लागतो कीं नाहीं, यावरून ती होते.