केएम आणि व्हीमॅक्स: पाठ करू नका, समजून घ्या



नेटच्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळी मी एन्झाइम इनहिबिशनचा तक्ता तोंडपाठ केला होता. पेपरात प्रश्न त्यावरच आला, पण तक्त्याऐवजी आलेख दिला होता. मी चुकले. कारण साधं होतं: केएम म्हणजे काय, हेच मला नीट कळलं नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून ही पोस्ट.

मायकेलिस आणि मेंटेन यांनी 1913 मध्ये इन्व्हर्टेजवर काम करून जे समीकरण मांडलं, ते असं: वेग = व्हीमॅक्स × सबस्ट्रेट ÷ (केएम + सबस्ट्रेट). सगळे एन्झाइम रेणू सबस्ट्रेटने भरलेले असतात तेव्हाचा वेग म्हणजे व्हीमॅक्स. आणि वेग त्याच्या निम्मा होण्यासाठी लागणारं सबस्ट्रेटचं प्रमाण म्हणजे केएम. म्हणजे केएम हा वेग नाही, प्रमाण आहे! इथेच बरेच जण फसतात.

समजा केएम 2 मिलिमोलर आहे. सबस्ट्रेटही 2 असेल तर वेग 50 टक्के. 90 टक्के वेग हवा असेल तर 18 लागेल, म्हणजे केएमच्या नऊपट.

आता कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर टाका. तो सबस्ट्रेटच्याच जागेवर बसतो. त्याचं प्रमाण त्याच्या केआयइतकं असेल, तर केएम दुप्पट, म्हणजे 4 झाल्यासारखा दिसतो. आता 90 टक्क्यांसाठी 36 लागेल. जास्त लागेल, पण वेग गाठता येतो. म्हणून व्हीमॅक्स तोच राहतो.

याचा उपयोग काय, असं वाटत असेल तर हे वाचा. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल स्वतः तितकं घातक नसतं. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, पुढे फॉर्मिक ॲसिड बनतं. ते सायटोक्रोम सी ऑक्सिडेज अडवतं, डोळ्याच्या नसेला इजा करतं. दृष्टी जाते, जीवही जातो. दवाखान्यात वेळेत पोचलेल्या रुग्णाला फोमेपिझोल देतात. तो याच एन्झाइमचा कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर आहे. तो नसेल तर चक्क इथेनॉल देतात! इथेनॉल हा त्याच एन्झाइमचा सबस्ट्रेट, आणि मिथेनॉलपेक्षा त्याला कितीतरी घट्ट धरला जाणारा. एन्झाइम त्यात गुंतून राहतं, तोवर मिथेनॉल डायलिसिसने काढता येतं. पण स्पर्धा प्रमाणावर ठरते, म्हणून औषधाची पातळी टिकवावी लागते. तक्त्यातल्या त्या एका ओळीवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आता आलेखाकडे. लाइनविव्हर-बर्कमध्ये उभ्या अक्षावर 1/व्हीमॅक्स आणि आडव्या अक्षावर −1/केएम वाचायचा.

• कॉम्पिटिटिव्ह: व्हीमॅक्स तोच, म्हणून रेषा उभ्या अक्षावर मिळतात.
• शुद्ध नॉन-कॉम्पिटिटिव्ह: केएम तोच, व्हीमॅक्स कमी, रेषा आडव्या अक्षावर मिळतात.
• अनकॉम्पिटिटिव्ह: इनहिबिटर फक्त एन्झाइम-सबस्ट्रेट जोडीला चिकटतो. दोन्ही सारख्याच पटीत कमी होतात, म्हणून रेषा समांतर.

बघा, पाठ करण्यासारखं काही उरलंच नाही.

जाता जाता एक गणित: केएम 5 मिलिमोलर, कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटरचं प्रमाण केआयच्या तिप्पट. निम्म्या वेगासाठी किती सबस्ट्रेट लागेल? 15 आलं असेल तर तुम्ही कंसातला 1 विसरलात. 5 × (1 + 3), म्हणजे 20.