मॅनिफोल्ड बदललं की हॉर्सपॉवर वाढते, ती कुठून येते?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की हा स्पोर्ट्‌स कारवाल्यांचा शौक आहे, आपल्याला त्याचं काय? पण इंजिन श्वास कसा घेतं हे एकदा समजलं, की ते तुमच्या स्कूटरलाही लागू होतं. म्हणून थोडा वेळ बसा.

सुरुवात घरातल्या गोष्टीने करतो. माझा भाचा अमेरिकेत मिशिगनमध्ये नोकरी करतो. त्याने हौसेनं २०१२ सालची जुनी फोर्ड मस्टँग जीटी घेतली. एके रात्री त्याचा फोन आला. "मामा, बॉस ३०२ चं इनटेक मॅनिफोल्ड मिळतंय. माझ्याच इंजिनावर बसतं. ४१२ ची ४४४ हॉर्सपॉवर होते. घेऊ का?" मी विचारलं, "किती आरपीएमला?" तो म्हणाला, "म्हणजे?" तेव्हाच मला कळलं, की पैसे बहुतेक देऊन झालेले आहेत.

त्या रात्री फोनवर जे नीट सांगता आलं नाही, ते आज सांगतो.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

पेट्रोल जाळणं सोपं आहे. इंजेक्टरने थोडं जास्त सोडलं की झालं. अवघड असतं ते पेट्रोल जाळायला पुरेशी हवा सिलिंडरमध्ये आणणं. त्या मस्टँगचं इंजिन ४,९५१ सीसीचं, म्हणजे साधारण पाच लिटरचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं, म्हणजे एका फेरीत अडीच लिटरच्या आसपास. ६,५०० आरपीएमला हिशोब केला तर मिनिटाला सोळा हजार लिटर हवा! दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. पावणेदोन मिनिटांत सगळी हवा ओढून संपेल.

आणि ही हवा सलग जात नाही. प्रत्येक सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. ६,००० आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह जेमतेम सहा-सात मिलिसेकंद उघडा असतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्यात जितकी हवा आत शिरेल तितकी ताकद.

ही हवा वाटण्याचं काम इनटेक मॅनिफोल्ड करतं. त्याचे भाग तीन. तोंडाशी थ्रॉटल बॉडी, म्हणजे तुमच्या पायाने उघडणारी झडप. त्यामागे प्लेनम, म्हणजे हवेची सामाईक टाकी. आणि टाकीतून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी स्वतंत्र नळी, तिला रनर म्हणतात. लोक बहुतेक थ्रॉटल बॉडीचा व्यास बघतात. खरी गंमत मात्र रनरच्या लांबीत आहे.

परत येणारी लाट

पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो. हा कमी दाबाचा धक्का रनरमधून उलटा, प्लेनमच्या दिशेने, आवाजाच्या वेगाने धावतो. रनर जिथे प्लेनममध्ये उघडतो, तिथे तो परावर्तित होतो आणि परत येताना जास्त दाबाची लाट होऊन येतो. जाताना ओढ होती, येताना ढकल झाली.

आता ही ढकल कधी पोचते, ते महत्त्वाचं. पिस्टन तळ गाठून वर यायला लागतो तेव्हाही इनटेक व्हॉल्व्ह थोडा उघडा असतो, आणि आत आलेली हवा मागे पळायला बघते. नेमकी त्या वेळी लाट येऊन धडकली तर ती हवेला आत रेटून धरते आणि वर व्हॉल्व्ह मिटतो. अशा वेळी सिलिंडरमध्ये त्याच्या आकारमानापेक्षा जास्त हवा भरली जाऊ शकते. टर्बो नाही, काही नाही, फुकटची हवा. पण लाट वेळ चुकवून आली तर तिचा उपयोग नाही, उलट अडथळाच. झोक्यावरच्या मुलाला धक्का देतो ना आपण? वेळेवर दिला तर झोका उंच जातो, चुकीच्या वेळी दिला तर अडतो. तसंच हे.

ढोबळ हिशोब करू. धरून चाला की लाटेने जाऊन परत यायला क्रँकची पाव फेरी लागावी. ६,००० आरपीएमला एक फेरी १० मिलिसेकंदांची, पाव फेरी अडीच मिलिसेकंदांची. कोमट हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाट ८७ सेंटिमीटर जाते. हे जाणं-येणं धरून आहे, म्हणजे नळी त्याच्या निम्मी, सुमारे ४४ सेंटिमीटर. यात सिलिंडर हेडमधला पोर्टही मोजायचा.

हाच हिशोब ४,५०० आरपीएमला केला तर नळी ५८ सेंटिमीटर येते. ७,५०० ला केला तर ३५. लक्षात आलं? बासरीसारखंच आहे. नळी आखूड केली की सूर वर जातो. आखूड रनर ताकद निर्माण करत नाही, ताकदीची जागा वर सरकवतो. आजच्या भाषणातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लर ३००-एफ गाडी आली. तिच्या इंजिनावर दोन्ही बाजूंना आडव्या पसरलेल्या ३० इंची नळ्या होत्या, मधल्या आरपीएमलाच दणकून ओढ मिळावी म्हणून. ताकद ३७५ हॉर्सपॉवर. शर्यतीसाठी त्यांनी दुसरा प्रकार काढला. बाहेरून तीच लांब नळी, पण आतल्या भिंती अर्ध्यावर कापलेल्या, म्हणजे लाटेच्या दृष्टीने नळी १५ इंचांची. ४०० हॉर्सपॉवर झाली आणि खालची ओढ कमी झाली.

जीटी आणि बॉस

आता भाच्याच्या गाडीकडे येऊ. २०१२ च्या मस्टँग जीटीचे कंपनीचे आकडे असे: ४१२ हॉर्सपॉवर ६,५०० आरपीएमला, आणि टॉर्क ३९० पाउंड-फूट ४,२५० ला. त्याच वर्षी आलेल्या बॉस ३०२ चे: ४४४ हॉर्सपॉवर ७,४०० ला, आणि टॉर्क ३८० पाउंड-फूट ४,५०० ला. बॉसचं मॅनिफोल्ड आखूड, सरळ रनरचं.

हॉर्सपॉवर वाढली ३२ ने, टॉर्क मात्र १० ने उतरला. हे कसं? हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५,२५२. हे सूत्र उलटं लावून बघा. जीटी ६,५०० ला ४१२ देते, तेव्हा तिचा टॉर्क येतो ३३३. बॉस ७,४०० ला ४४४ देते, तेव्हा टॉर्क येतो ३१५. म्हणजे आपापल्या सर्वोच्च ताकदीच्या क्षणी बॉसचा प्रत्येक धक्का जीटीपेक्षा *हलका* आहे! पण ती मिनिटाला ९०० फेऱ्या जास्त मारते. हलके पण जास्त घाव. जिथे जीटीचा दम संपतो, तिथे बॉस श्वास घेत राहते. हॉर्सपॉवर तिथून येते.

आणि आणखी एक. या ३२ हॉर्सपॉवर एकट्या मॅनिफोल्डच्या नाहीत. बॉसच्या हेडचे पोर्ट मशीनवर मोठे केलेले होते, कॅमशाफ्ट वेगळा होता, आतले भाग ७,५०० आरपीएम सोसतील असे मजबूत केलेले होते. जीटीची लाल रेषा ७,००० ची. आता तुम्ही फक्त मॅनिफोल्ड आणून जीटीवर चढवलं, तर ज्या आरपीएमला त्याचा फायदा व्हायचा, तिथे तुमचं इंजिन पोचतच नाही किंवा कसंबसं पोचतं. फायदा अर्धवट, तोटा मात्र पूर्ण, कारण तोटा तुम्ही रोज जिथे गाडी चालवता तिथे, दोन-तीन-चार हजारांत आहे. मग लाल रेषाच वर ढकलू, असं काही जण म्हणतात. व्हॉल्व्ह स्प्रिंगला ते मान्य आहे का, हे आधी विचारावं. स्प्रिंगला वेग झेपला नाही तर व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, आणि वर येणाऱ्या पिस्टनशी त्याची गाठ पडली तर इंजिन गेलं.

भाच्याने मॅनिफोल्ड बसवलं होतंच. आठ दिवसांनी म्हणाला, "मामा, सिग्नलवरून निघताना गाडी मेल्यासारखी वाटते. वर गेल्यावर छान ओरडते, पण वर जायला रस्ता कुठंय?"

बसवताना काय चुकतं

कुणाला खरंच ट्रॅकवर गाडी पळवायची असेल, सगळा वेळ पाच हजारांच्या वरच राहायचं असेल, तर आखूड रनर योग्यच आहे. मग तीन गोष्टी पाळा.

पहिली, ट्यूनिंग. काही गाड्या आत जाणारी हवा सेन्सरने प्रत्यक्ष मोजतात. काही गाड्या मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम बघून हवेचा *अंदाज* करतात. दुसऱ्या प्रकारात मॅनिफोल्ड बदललं, की अंदाजाचं कोष्टकच खोटं ठरतं. समजा पूर्ण थ्रॉटलला साडेबारा किलो हवेला एक किलो पेट्रोल, असं प्रमाण ठरलेलं आहे. हवा आठ टक्के वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर प्रमाण साडेतेराला एक झालं. मिश्रण पातळ, आत तापमान जास्त, नॉकिंग आणि शेवटी भोक पडलेला पिस्टन. हवा मोजणाऱ्या गाडीत पेट्रोल बरंचसं सावरलं जातं, पण स्पार्क केव्हा पाडायचा हे कोष्टक जुन्याच मॅनिफोल्डचं असतं. म्हणून ट्यूनिंगचा खर्च मॅनिफोल्डच्या किमतीतच धरा. परवडत नसेल तर दोन्ही नको.

दुसरी, गास्केट. हल्लीची मॅनिफोल्डं बहुतेक प्लॅस्टिकची असतात, आणि ते चांगलंच आहे, कारण इंजिनाची उष्णता हवेला कमी लागते. पण बोल्ट दाबून पिळले तर प्लॅस्टिक तडकतं. टॉर्क रेंच वापरा, कंपनीने दिलेल्या आकड्यावर थांबा, आणि मधून बाहेर अशा क्रमाने थोडं थोडं आवळा. एका कोपऱ्यातून हवा गळली तरी आयडलिंग डळमळतं आणि तो एकच सिलिंडर पातळ मिश्रणावर चालतो.

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची. तरुणपणी एका इंजिनाचं मॅनिफोल्ड मी उघडलं आणि पोर्ट झाकायला चिंध्या कोंबल्या. चार पोर्ट, चार चिंध्या. परत जोडताना तीनच काढल्या. नशीब, स्टार्टर मारायच्या आधी आमच्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, बोळे मोजले का?" तेव्हापासून मी बोळे मोजतो, आणि वॉशरही.

आकडा कसा वाचायचा

आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच डायनोवर, शक्य तर एकाच दिवशी घेतलेला असावा. का, ते पुणेकरांना सांगतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच हवा कमी घेतं. ४४४ चे सहा टक्के किती? जवळजवळ २७. म्हणजे जीटी आणि बॉसमध्ये जेवढा फरक, तेवढा बहुतेक सगळा नुसता खंडाळ्याचा घाट चढून येण्यात जातो! डायनो हवामानाची दुरुस्ती करतो, पण त्या दुरुस्तीवर एक नवं मॅनिफोल्ड सहज विकता येतं. आणि नुसता सर्वोच्च आकडा बघू नका, पूर्ण आलेख मागा. दोन रेषा कुठे एकमेकींना छेदतात ते बघा. त्या बिंदूच्या वर तुम्ही दिवसातून किती वेळ असता, हा खरा प्रश्न.

श्रोत्यांचे प्रश्न

*दोन्ही फायदे एकाच मॅनिफोल्डमध्ये मिळत नाहीत का?*
मिळतात. काही इंजिनांत आतल्या झडपा रनरची लांबी बदलतात. खाली लांब, वर आखूड. किंमत आणि बिघडायच्या जागा तेवढ्या वाढतात.

*नुसती मोठी थ्रॉटल बॉडी लावली तर?*
जुनी अडथळा करत असेल तरच फायदा. नसेल तर फक्त पेडल तापट होतं. थोडंसं दाबलं तरी गाडी उसळते, आणि लोकांना वाटतं ताकद वाढली.

*आपल्याकडे हे कायद्यात बसतं का?*
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. ट्रॅकवरची गाडी वेगळी ठेवा.

*तुमच्या भाच्याने पुढे काय केलं?*
जुनं मॅनिफोल्ड त्याने खोक्यात जपून ठेवलं होतं, एवढं शहाणपण केलं. एका रविवारी परत बसवलं. फोनवर मी फक्त एकच विचारलं, "बोळे मोजलेस का?"