कंपाइल झालं, म्हणून जुन्या मशीनवर चालेल?

सॉकेट, बाइंड, कनेक्ट ही नावं १९८३च्या ४.२ बीएसडीपासून जवळपास तशीच टिकून आहेत. त्यामुळे नेटवर्कचा कोड एकदा लिहिला की कोणत्याही सिस्टिमवर, कितीही जुन्या आवृत्तीवर चालतो, असं अनेकांना वाटतं.

गैरसमज: नवं फंक्शन वापरण्याआधी विंडोजची आवृत्ती तपासणारा 'इफ' घातला की काम झालं.

वस्तुस्थिती: त्या 'इफ'पर्यंत पोचायची वेळच येत नाही. आयपी पत्ता वाचता येईल अशा मजकुरात बदलणारं इनेट-एनटॉप विंडोजच्या डीएलएलमध्ये व्हिस्टापासून आलं. ते नेहमीसारखं लिंक केलं, तर एक्सपीचा लोडर प्रोग्राम सुरू करतानाच आयात केलेलं एकेक नाव शोधतो आणि हे सापडलं नाही की 'एंट्री पॉइंट' मिळाला नसल्याचं सांगून थांबतो. तुमच्या 'मेन'मधली एक ओळही चालत नाही. ते फंक्शन कधी बोलावलं जाणार होतं की नाही, याच्याशी लोडरला देणंघेणं नसतं. म्हणून असं नाव लिंक न करता प्रोग्राम चालू असताना गेटप्रॉकॲड्रेसकडे मागायचं. उत्तर 'नल' आलं, तर डब्ल्यूएसएॲड्रेसटूस्ट्रिंग हे जुनं फंक्शन आहेच. फक्त त्याला देताना पोर्ट शून्य ठेवा, नाहीतर पत्त्याला पोर्टचा आकडा चिकटून येतो.

गैरसमज: कॉन्फिगर स्क्रिप्टने फंक्शन आहे का ते तपासलंय.

वस्तुस्थिती: तपासलंय, पण बिल्ड मशीनवर. लिनक्समध्ये ॲक्सेप्ट-फोर कर्नल २.६.२८मध्ये आलं. त्याआधीच्या कर्नलवर ते 'एनोसिस' ही चूक परत करतं. ती चूक पकडून साध्या ॲक्सेप्टकडे वळणं प्रोग्रामलाच करावं लागतं.

गैरसमज: फंक्शन आहे, म्हणजे ते नीट वागणारच.

वस्तुस्थिती: मला सगळ्यात घातक वाटतो तो हा समज, कारण इथे काहीच बंद पडत नाही. युनिक्सच्या पोलसारखं डब्ल्यूएसएपोल मायक्रोसॉफ्टने व्हिस्टात दिलं खरं, पण टीसीपी जोडणी फसली तर ते कळवतच नसे. प्रोग्राम आपला वाट बघत बसायचा. हे सुधारलं २०२०च्या विंडोज १० आवृत्ती २००४मध्ये. जुन्या विंडोजना सांभाळायचं असेल, तर तिथे सरळ सिलेक्ट वापरावं. त्याची ६४ सॉकेटची मर्यादा हेडर घेण्याआधी एफडी-सेटसाइझ बदलून वाढवता येते.

आयपीव्ही६चंही तसंच. एकाच सॉकेटवर आयपीव्ही४च्या जोडण्याही घ्यायच्या का, याचं मूळ उत्तर लिनक्सवर 'हो' आणि विंडोजवर 'नाही' असं आहे. व्ही६ओन्ली हा पर्याय स्वतः ठरवून द्या. ओपनबीएसडीवर मात्र तो बंद करताच येत नाही. तिथे आयपीव्ही४साठी दुसरं सॉकेट उघडावं लागतं.