गरज कोणी ठरवायची? मुळशीचे मावळे आणि राजाचा जहाजकर

निळा आणि मुळा या नद्यांचं खोरं आंबेमोहोर भाताचं. 1919 मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि हे खोरं नकाशावर बुडीत क्षेत्र ठरलं. मुळशीला धरण बांधायचं, पाणी सह्याद्रीपलीकडे कोकणात भिऱ्याला उतरवून वीज करायची आणि ती मुंबईला पुरवायची, अशी ही योजना. तिच्यात सुमारे 52 गावं आणि 11 हजार माणसं सापडत होती. मालकाला न विचारता शेतात चाचणीचे चर खणले गेले. त्याला हरकत घेणाऱ्या शेतकऱ्यावर गोऱ्या इंजिनिअरने पिस्तूल रोखल्याची हकीकत चळवळीच्या इतिहासात सांगितली जाते.

या पिस्तुलामागे कायदा उभा होता. तो समजून घ्यायला पावणेतीनशेहून अधिक वर्षं मागे, इंग्लंडात जावं लागतं.

राजाला पैसा हवा होता

पहिल्या चार्ल्सने 1629 नंतर अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. पैसा मात्र लागत होता. बंदरांवर संकटकाळी बसणारा जहाजकर त्याने 1635 मध्ये समुद्र न पाहिलेल्या परगण्यांवरही लादला. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने आपल्या वाट्याचे 20 शिलिंग भरायला नकार दिला. राज्यावर संकट आहे की नाही हे ठरवायचं कोणी, हा त्या खटल्यातला मुद्दा होता. बारा न्यायाधीशांपैकी सातांनी राजाच्या बाजूने कौल दिला.

राजाला अडचणीत आणलं ते धर्माने. त्याने 1637 मध्ये स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापोथी लादली. एडिंबरात दंगल उसळली, पुढे लढाया झाल्या. लढाईला पैसा हवा म्हणून 1640 मध्ये पार्लमेंट बोलवावंच लागलं. पार्लमेंटने 1641 मध्ये जहाजकर बेकायदा ठरवला. झगडा वाढत गेला आणि 1649 मध्ये राजाचं शिर उडवलं गेलं.

कलम 6 आणि कलम 24

त्याच इंग्लंडच्या राजवटीने हिंदुस्थानात 1894 चा भूसंपादन कायदा आणला. जमीन सार्वजनिक कामाला हवी, असं सरकारने जाहीर केलं की ते जाहीर करणं हाच कलम 6 प्रमाणे निर्णायक पुरावा. म्हणजे चार्ल्सच्या सात न्यायाधीशांचा निकालच इथे कायद्यात छापलेला. कंपनीसाठीही जमीन घेता येत होती. सक्तीने घेतल्याबद्दल बाजारभावावर 15 टक्के जादा मिळत. पण मोबदला ठरवताना मालकाची जमीन सोडायची नाखुशी विचारात घ्यायची नाही, असं कलम 24 बजावत होतं. जमीन घेण्यालाच हरकत नोंदवायची तरतूद 1923 मध्ये आली. तोवर तक्रार करायची ती भावाबद्दल.

कायद्याने दार बंद केल्यावर मावळे, म्हणजे या खोऱ्यातले शेतकरी, धरणाच्या कामावर जाऊन बसले. 16 एप्रिल 1921, रामनवमी. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. काम थांबलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त पाठिंबा दिला. पण काही महिन्यांत काम पुन्हा सुरू झालं आणि त्याबरोबर अटकाही.

फूट पैशाने पाडली

मुळशीच्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कसणाऱ्याला धरणच नको होतं. सावकाराला मात्र चांगला मोबदला मिळाला की भागत होतं. दोघांच्या घोषणा काही काळ एक होत्या, हिशेब वेगळे होते. मोबदल्याचा आकडा वाढला तसे सावकार बाजूला झाले आणि चळवळ खचली.

इंग्लंडात धर्माचा प्रश्न प्रार्थनापोथीचा होता, मुळशीत तो साधनांच्या शुचितेचा होता. पांडुरंग महादेव बापट याच लढ्याच्या नेतृत्वामुळे ‘सेनापती’ झाले. इंजिनिअरिंग शिकायला ते एडिंबरात गेले होते, प्रार्थनापोथीवरून पेटलं तेच शहर. त्यांना गांधीजींची अहिंसा जशीच्या तशी पटली नाही. त्यांनी ‘शुद्ध सत्याग्रह’ मांडला. जीव द्यायची तयारी असलेल्याला वेळप्रसंगी बळ वापरण्याचाही हक्क आहे, असा त्यांचा आग्रह. डिसेंबर 1924 मध्ये मोजक्या साथीदारांसह, हाती शस्त्रं घेऊन, त्यांनी धरणाच्या कामगारांची गाडी अडवली. शिक्षा झाली सात वर्षांची. गांधीमार्गी सहकाऱ्यांना हे रुचलं नाही, आणि तोवर लढणारे उरलेही थोडेच होते. 1927 मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

इंग्लंडात करदात्यांचा राग मांडायला पार्लमेंट होतं. 1894 चा कायदा करणाऱ्या कलकत्त्याच्या कौन्सिलात मावळ्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. सारा फरक इथे पडला. जहाजकर सहा वर्षांत गेला, भूसंपादनाचा कायदा सुमारे 120 वर्षं टिकला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्के कुटुंबांची आधी संमती हवी, ही अट 2013 च्या कायद्याने घातली आणि तो 1 जानेवारी 2014 ला लागू झाला. मुळशीच्या मावळ्यांनी हीच गोष्ट 1921 मध्ये मागितली होती.