वाडीतला रस्ता आणि वेगाचे गणित

मालवणची बाजारपेठ ओलांडून मेढा, धुरीवाडा किंवा वायरीच्या दिशेने निघालेला रस्ता कोठेही फार काळ सरळ जात नाही. माडांच्या बागा, जांभ्या दगडाचे गडगे, विहिरी आणि देवळे यांना बगल देत, प्रथम माणसांच्या आणि मागाहून बैलगाड्यांच्या वहिवाटीने जो मार्ग पडला, त्याच्यावरच पुढे खडी आणि डांबर आले. आणि ज्या घरांच्या खळ्यात तुळशीवृंदावन, वाळत घातलेली मासळी आणि मुलांचे खेळ एकत्र नांदतात, त्या घरांचे बेडे उघडले की पुढचे पाऊल थेट या रस्त्यावरच पडते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९९७ साली त्याला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि किल्ल्याच्या दर्शनासाठी, तारकर्लीच्या किनाऱ्यासाठी किंवा समुद्रतळीचे प्रवाळ पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारी त्याच गडग्यांमधून जाऊ लागल्या. त्यामुळे रस्ते रुंद करावेत, वळणे छाटून टाकावीत, गडगे मागे सारावेत, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तीतल्या रस्त्याच्या बाबतीत तो स्वीकारण्यापूर्वी पदार्थविज्ञानाचे म्हणणे ऐकून घेणे अगत्याचे आहे, कारण चालक आपला वेग फलकावरील आकड्यापेक्षा डोळ्यांपुढच्या रस्त्याची रुंदी आणि सरळपणा पाहून ठरवितो, आणि त्या दृष्टीने मालवणच्या जुन्या रस्त्यांची वळणे व अरुंदपणा ही जपण्याजोगी संपत्ती आहे.

चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम आपण शाळेत शिकतो. रस्त्यावर त्याचा अर्थ असा की ताशी ३० किलोमीटरऐवजी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा साठलेली असते, आणि ती सगळी ऊर्जा थांबताना कोठे तरी जिरावी लागते. आता अशी कल्पना करू की दोन मोटारी अगदी शेजारीशेजारी येत आहेत, एकीचा वेग ताशी ३० आणि दुसरीचा ५०, आणि त्याच क्षणी एका बेड्यातून चेंडूमागे धावत मूल रस्त्यावर येते. दोन्ही चालक सावध आहेत व दोघांनाही ब्रेक दाबायला एकच सेकंद लागतो असे मानले, आणि कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकने वेग दर सेकंदाला सेकंदाला सात मीटरने उतरतो असे धरले, तर पहिली मोटार सुमारे १३ मीटरांत उभी राहते. दुसरी मोटार मात्र विचाराच्या त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जेथे पहिली मोटार थांबून चालक खाली उतरू शकतो, त्या ठिकाणी दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो; ती आपल्या पूर्ण वेगानिशी तेथून जाते, आणि तिला थांबायला एकूण २८ मीटर लागतात. शिवाय एका सेकंदाचा हा हिशेब उदारपणे केलेला आहे, कारण आपल्या देशात रस्त्यांची आखणी करताना भारतीय रोड काँग्रेस चालकाच्या प्रतिसादासाठी अडीच सेकंद धरते.

कोकणात कोरडा रस्ता हीच मुळी आठ महिन्यांची गोष्ट आहे. सिंधुदुर्गात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, माडाच्या झावळ्या आणि चिखल डांबरावर पसरतात, आणि चाकाची पकड सैल झाली की थांबण्याचे अंतर किती तरी वाढते. पकड कोरड्यापेक्षा निम्म्याच्या थोडी वर राहिली असे धरले, तर ३० च्या वेगाला १७ मीटर आणि ५० च्या वेगाला ३८ मीटर लागतात.

धडकेच्या वेळी माणसाच्या शरीरावर काय गुदरते, याचा अंदाज उंचीच्या भाषेत चांगला येतो. ताशी ३० किलोमीटरचा वेग म्हणजे साडेतीन मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीला टेकतानाचा वेग, आणि ताशी ५० चा वेग म्हणजे जवळजवळ दहा मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूचा. एक पडवीच्या छपरावरून पडण्यासारखा, दुसरा चांगल्या वाढलेल्या माडावरून, आणि माडावरून पडलेल्या माणसाचे काय होते हे या किनाऱ्यावरील प्रत्येक वाडीला दुर्दैवाने ठाऊक आहे. रोसेन आणि सँडर या संशोधकांनी जर्मनीतील अपघातांच्या नोंदी तपासून २००९ साली दाखवून दिले की मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० च्या वेगाला ३० च्या तुलनेने पाचपटीहून अधिक असतो. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराकडे निघालेली मासे विकणारी बाई, शाळेची मुले, देऊळवाड्याकडे सावकाश चाललेले वृद्ध, यांच्याभोवती मोटारीसारखा पत्रा नसतो. त्यांच्या रक्षणाला केवळ समोरच्याचा मंद वेग असतो.

वळण रस्त्याला धोकादायक करते, हा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. गडग्याआडच्या वळणावर १५ मीटरच दिसत असेल, तर कोरड्या रस्त्यावरसुद्धा ताशी ३२ किलोमीटरच्या वर जाणे म्हणजे न दिसणाऱ्या जागेत स्वतःला झोकून देणे होय. समोरूनही मोटार येत असेल आणि रस्ता एकेरी असेल, तर दोघांनी मिळून त्या १५ मीटरांत थांबावयाचे असल्याने मर्यादा २० च्याही खाली येते. पण गडगा पाडून दृष्टी दुप्पट लांब केली, की चालक आपला वेगही वाढवितो, लांब दृष्टीचा लाभ त्या वाढीव वेगातच खर्ची पडतो, आणि बेड्यातून येणारे मूल मात्र पूर्वीइतकेच अकस्मात समोर येते.

जेथे रस्ता सरळ आहे किंवा सरळ करणे टळलेले नाही, तेथे गतिरोधकाचा इलाज आहे. आणि या साध्या वस्तूमागे एका थोर शास्त्रज्ञाचे नाव आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. क्ष-किरणांच्या विकिरणावरील संशोधनासाठी १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे आर्थर हॉली कॉम्प्टन पुढे अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि आवारातून भरधाव जाणाऱ्या मोटारींना आवर घालण्यासाठी १९५३ साली त्यांनी रस्त्यावरील उंचवट्यांची आखणी केली. त्यानंतर इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७३ साली निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून वाहने चालवून पाहिली, आणि ३.७ मीटर लांबीचा व १० सेंटिमीटर उंचीचा गोलाकार उंचवटा सर्वांत उपयुक्त ठरविला. भारतीय रोड काँग्रेसने १९८८ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत हेच माप घेतले: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी.

या १७ मीटरांत मोठे मर्म आहे. वर्तुळाकार पृष्ठावरून जाणाऱ्या वाहनाला खाली धरून ठेवण्याचे काम गुरुत्वाकर्षणच करते. वाहन म्हणजे एक बिंदू मानला, तर ताशी २५ च्या वेगाला त्यासाठी गुरुत्वाच्या तीनदशांशाहून कमी त्वरण लागते व चालकाला सौम्य हेलकावा जाणवतो, परंतु ताशी ४६-४७ च्या पुढे गुरुत्व अपुरे पडून वाहन पृष्ठ सोडू पाहते. वेग वाढेल तसा त्रास वाढत जावा, हीच चांगल्या गतिरोधकाची कसोटी होय. गल्लोगल्ली सिमेंटचा वा डांबराचा जो हातभर रुंद उंच कणा रातोरात उभा केलेला आढळतो, तो या कसोटीला नेमका उतरत नाही. सावकाश जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या मणक्याला आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला तो दणका देतो, पण वेगवान मोटारीचे चाक त्यावरून शतांश सेकंदांत निघून जाते, धक्का स्प्रिंग गिळून टाकते, आणि आतल्या चालकाला त्याची पुरती दखलही घ्यावी लागत नाही. त्यावर पांढरे-काळे पट्टे नसले, अलीकडे चाळीस मीटरांवर इशाऱ्याचा फलक नसला, आणि कडेला पाण्याला वाट ठेवली नसली, तर आषाढातल्या रात्री तो स्वतःच अपघाताचे कारण होतो.

हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस याच्याही पुढचा प्रयोग झाला. झाडे, बाके आणि मुद्दाम योजिलेली वळणे यांच्या योगाने निवासी रस्त्याला अंगणाचे रूप देण्यात आले, तेथे मोटारीने पाहुण्यासारखे पायी चालणाऱ्याच्या गतीने जावे असे ठरले, आणि १९७६ साली या ‘वूनएर्फ’ रस्त्यांना डच कायद्याची मान्यता मिळाली. डचांना जी वळणे खर्च करून बांधावी लागली, ती मालवणच्या वाडीत आधीपासून आहेत. दिवाळी पाडव्याला श्री देव रामेश्वर-नारायणाची पालखी शहरातून फिरते, त्या दिवशी रस्ता कोणाचा, असा प्रश्न कोणाही मालवणकराला पडत नाही.

कायद्याची अडचण आहे असेही नाही. २०१८ सालच्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीत मोटारींना ताशी ७० पर्यंतची कमाल मर्यादा दिली, आणि वस्तीच्या रस्त्याला ती सर्वथा अयोग्य आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून तीहून कमी मर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास दिलेला आहे. माणसे आणि वाहने जेथे मिसळतात तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी, हे २०२० च्या स्टॉकहोम घोषणापत्राने जगभरच्या सरकारांपुढे मांडले आहे. एक किलोमीटरच्या वस्तीत ५० ऐवजी ३० ने जाण्यात पाहुण्याची अवघी ४८ सेकंदे खर्ची पडतात.

तारकर्लीहून पुढे देवबागेस जाणाऱ्या रस्त्यावर हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, माड व एकच रस्ता. येथे बाह्यवळण काढण्यास जमीनच नाही, आणि रुंदी वाढवावयाची तर ती कोणाच्या तरी खळ्यातूनच घ्यावी लागेल. तेव्हा तेथे वेगच उतरविला पाहिजे. पावसाळा सरल्यावर डांबराची कामे निघतात, त्या वेळी गावच्या सुताराकडून १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर लांबीचा लाकडी साचा करून घ्यावा, प्रत्येक नवा उंचवटा त्या साच्याखाली नीट बसतो की नाही ते ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ठेकेदारासमक्ष पाहावे, आणि बसत नसेल तर डांबर गरम असतानाच तो पुन्हा करवून घ्यावा.